जुनी कार सुरू होत नाही? आधी आवाज ऐका

यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उष्णतेत बॅटरीचं आयुष्य घटतं, त्यामुळे सेकंड हँड कार अडली की पहिला संशय बॅटरीवरच जातो. पण नव्या बॅटरीचा खर्च करण्याआधी चावी फिरवून नीट ऐका.

नुसतं टक-टक, दिवे मंद: बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल, गंजलेलं आहे. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गाडी बंद असताना मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते.

एकच टक, दिवे लख्ख: सेल्फमध्ये बिघाड असू शकतो.

इंजिन जोरात फिरतं, पण पेट घेत नाही: बॅटरी बहुधा ठीक आहे. दोष पेट्रोल किंवा स्पार्कमध्ये शोधा. इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन करताच पेट्रोल पंपाची क्षणभर घरघर ऐकू येते. ती नसेल, तर आधी फ्यूज पाहा. कार्बोरेटरच्या जुन्या मारुती ८००मध्ये ही घरघर नसतेच. तिथला पंप इंजिनच्या फिरण्यावर चालतो.

धक्का मारून गाडी सुरू झाली, तरी लगेच पुसद किंवा वणीचा रस्ता धरू नका. चालू इंजिनवर बॅटरीचं माप १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान नसेल, तर अल्टरनेटर तपासून घ्या. नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.