बाबांच्या चोपड्यांतली वसई

स्मरणिकेसाठी 'इतिहासावर काहीतरी' लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला. तीस वर्षं इतिहास शिकवल्यावर हे माझ्याच गळ्यात पडणार होतं. पण वसईचा किल्ला, चिमाजी अप्पा आणि १७३९ ची लढाई आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली आहे. त्या लढाईनंतर इथेच राहिलेल्या, वाडी करून पोट भरणाऱ्या ख्रिस्ती माणसांवर आपल्या पुस्तकात एक ओळही नव्हती. म्हणून मी माझ्या वडिलांबद्दल लिहितो. आपल्या १९७९ च्या दहावीच्या बॅचने त्यांना पाहिलेलं आहे. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या वाडीत पेरू काढायला घुसणाऱ्यांनी तर फारच जवळून.

बाबांचा जन्म १९२४ चा. गेले २०१९ साली, पंचाण्णव वर्षांचे होऊन. शिक्षण चौथीपर्यंत, पण रोजचा हिशेब लिहिल्याशिवाय ते झोपत नसत. त्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांचा एक पेटारा आमच्या माळ्यावर होता. केळीचे घड किती, पानांच्या कवळ्या किती, रेल्वेचं भाडं, इंजिनाला तेल, सहा मुलांच्या फिया, आणि मयत झालेल्यांसाठी मिस्सेचे पैसे. विजेवरची लोकल विरारपर्यंत आली १९३६ साली. तेव्हा बाबा बारा वर्षांचे होते आणि आजीबरोबर भाजीची टोपली घेऊन दादरला जाऊ लागले होते. वसईची वाडी आणि मुंबईचा बाजार यांची गाठ त्या रुळांनी किती घट्ट बांधली, हे मला कोणत्याही ग्रंथापेक्षा या चोपड्यांनी जास्त नीट सांगितलं. रहाट जाऊन डिझेल इंजिन कधी आलं, राजेळी केळीची लागवड कधी कमी झाली, मोगरा कधी वाढला, सगळं तारखेनिशी आहे.

भाषेची गोष्ट मात्र चोपडीत नाही, ती त्यांनी तोंडी सांगितलेली. घरात सामवेदी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात मुंबईची हिंदी आणि चर्चमध्ये लॅटिन. लहानपणी ते मिस्सेला फादरांच्या हाताशी असत. लॅटिन उत्तरं घडाघडा म्हणत, अर्थ एकाचाही ठाऊक नसे. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली आणि त्यानंतर आमच्याकडे मराठीत मिस्सा सुरू झाली. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. कित्येक म्हाताऱ्यांना ते आवडलं नाही. बाबा चाळिशीत होते. ते म्हणत, "इतकी वर्षं देवाला काय सांगत होतो, ते त्या दिवशी कळलं. बरंच होतं की!" तेव्हापासून 'सुवार्ता' मासिक घरी येऊ लागलं. ते बाबा जेवणानंतर मोठ्याने वाचत आणि आईला अडलेला शब्द आमच्याकडून सोडवून घेत.

संध्याकाळी सातला जपमाळ. तुमच्यापैकी कोणी त्या वेळी आमच्याकडे आलं तर ओट्यावर बसून राहावं लागे, आणि मग हातात केळ्यांची फणी मिळे. गणपतीत आसपासच्या घरांत आमच्या वाडीतली केळीची पानं जात. त्याचे पैसे चोपडीत कधी जमा झालेले नाहीत.

नाशिकची सहल आठवते? पालकांतून बाबा बरोबर आले होते. गोदेकाठी नारोशंकराच्या देवळावरची घंटा सरांनी दाखवली. १७२१ साल कोरलेली, पोर्तुगीज, वसईच्या विजयानंतर आणलेली. आपण सगळे बाबांकडे बघू लागलो. ते थोडा वेळ मान वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "नीट सांभाळलीय. आमच्याकडे असती तर एव्हाना तडा गेला असता." सर हसले, म्हणून आपणही हसलो.

आता पाण्याबद्दल. पश्चिम पट्ट्यातल्या विहिरींचं गणित सोपं आहे. पावसाचं गोडं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. बेताने उपसलं तर वर्षानुवर्षं पुरतं, हावरेपणाने उपसलं की खालून खारं वर येतं. ऐंशीच्या दशकात स्टेशनच्या बाजूला इमारती उठल्या, त्यांना नळ नव्हता, आणि वाड्यांमधून टँकर भरून जाऊ लागले. केळी विकून महिन्याला जे मिळे, ते टँकरवाला आठवड्यात द्यायला तयार होता. बाबांनी नाही म्हटलं. दरवर्षी मे महिन्यात विहिरीच्या बांधकामाचे किती थर उघडे पडले ते ते चोपडीत टिपत असत. टँकरवाल्याला त्यांनी तेच पान दाखवलं. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईचं आंदोलन उभारलं तेव्हा बाबा मोर्चात चालले, पण त्यांचा निर्णय त्याआधीच झालेला होता.

याची किंमत घरात मोजावी लागली. माझा मोठा भाऊ, आपल्या दोन वर्षं पुढे होता तो, तेव्हा बेकार होता. धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. पाणी विकून त्याला टेम्पो घ्यायचा होता. "तुम्हाला विहीर प्यारी, पोरं नाहीत," असं तो जेवताना म्हणाला आणि ताटावरून उठला. वर्षभरात बहरीनला गेला. पत्रं यायची ती आईच्या नावाने. बाबांनी एकही उघडलं नाही, पण प्रत्येक पत्र आल्याची तारीख चोपडीत लिहिलेली आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी म्हणेन, पाण्याबाबत बाबा बरोबर होते. शेजारच्या दोन वाड्यांतलं पाणी पुढे मचूळ झालं. पण बहरीनला एक पत्र त्यांनी टाकायला हवं होतं. ते त्यांना जमलं नाही.

शेवटची सहा वर्षं आई काही ओळखेनाशी झाली होती. तिला पेज भरवायचं काम त्यांनी सुनांना दिलं नाही. नव्वदीत होते.

भाऊ आता जुन्या घरात राहतो. विहिरीला अजून गोडं पाणी आहे. नाताळला आम्ही सगळी भावंडं जमलो की टँकरचा विषय निघतोच. टेम्पो आला असता तर मला परदेशी जावं लागलं नसतं, असं तो म्हणतो. मी मे महिन्याची पानं काढून त्याच्यासमोर ठेवतो. तो चष्मा लावून ती वाचतो आणि म्हणतो, "हे मला माहीत आहे. तरी."