रेडिओवरची सकाळ : गाणे राहिले, बोलणे गेले

सीताबर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत आता मोबाइलची कव्हरे आणि चार्जर विकले जातात. त्याच गजबजाटात, एका अरुंद दुकानात, रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ काही वर्षांपूर्वीपर्यंत बसत. रेडिओवरच्या सकाळच्या कार्यक्रमांची माहिती जमवायला मी निघालो, तेव्हा आधी त्यांच्याकडेच गेलो. हातातले काम बाजूला ठेवून ते म्हणाले, "गीतरामायण ना? सुरू झालं तेव्हापासून ऐकलं जी भाऊ. सगळी गाणी बाबूजींच्याच आवाजात. दुसरं कोणी नव्हतंच."

मी ते वहीत उतरवून घेतले. पुढे पडताळणी करायला बसलो, तेव्हा नेमकी हीच नोंद अडली.

गीतरामायण ही आकाशवाणीच्या पुणे केंद्राची निर्मिती. १ एप्रिल १९५५ रोजी रामनवमी होती आणि वार शुक्रवार. सकाळी पावणेनऊला पहिले गीत प्रसारित झाले. दर शुक्रवारी नवे गीत, तेच पुन्हा शनिवारी आणि रविवारी सकाळी, असा क्रम पुढच्या रामनवमीपर्यंत, म्हणजे १९ एप्रिल १९५६ पर्यंत चालला. मध्ये अधिक मास आल्यामुळे वर्ष लांबले आणि गीते ५६ झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे, कल्पना केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांची. पण गायक एक नव्हता. रामाची गीते फडक्यांनी गायिली. सीतेसाठी माणिक वर्मा, कौसल्येसाठी ललिता फडके होत्या. ज्यांचे शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले, ते वसंतराव देशपांडेही गायकांत होते. सर्व गीते एकट्या फडक्यांच्या आवाजात घरोघरी गेली ती नंतर, त्यांच्या जाहीर कार्यक्रमांतून आणि ध्वनिमुद्रिकांतून.

म्हणजे आमचे काका खोटे बोलत नव्हते. नंतर वर्षानुवर्षे कानावर पडलेल्या मुद्रिकेने आधीचे ऐकणे झाकून टाकले होते. त्या दिवसापासून मी एक नियम केला. 'रेडिओवर ऐकले' असे कोणी सांगितले की आधी विचारायचे, रेडिओवर की कॅसेटवर?

याच नियमाने सकाळकडे पाहू लागलो, तेव्हा आपण परंपरा समजतो तिच्यात ठरवून केलेले किती आहे ते दिसू लागले. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी. साहजिकच या केंद्राला मराठी आणि हिंदी दोन्ही श्रोते सांभाळायचे होते. भूपाळी आणि काकड आरती घरात व देवळात होतीच, पण रेडिओची सकाळ उघडे ती तानपुऱ्याच्या साथीतल्या व्हायोलिनच्या संकेतधूनने. ती बांधणारा वॉल्टर कॉफमन हा नाझींच्या काळात मुंबईत आश्रयाला आलेला ज्यू संगीतकार. ज्या सुरांनी आपल्या आजीला 'पहाट झाली' असे वाटे, ते सुर एका निर्वासिताने दिले होते.

भक्तिसंगीताचेही तसेच. वस्तीतल्या भजनी मंडळात पेटी हवीच. आकाशवाणीने मात्र मार्च १९४० पासून पेटीला बंदी घातली होती आणि ती थेट १९७०च्या दशकापर्यंत सैल झाली नाही. देवळातले भजन आणि रेडिओवरचे भजन यांचा नादच वेगळा होता. काकांना हे लगेच आठवले. "आमच्या मंडळाची पेटी नाही चालली. माणसं चालली, पेटी नाही," असे ते हसून म्हणाले.

पुढे दहा वर्षे, १९५२ ते १९६२, माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्याकडे होते. त्यांनी शास्त्रीय संगीताला जागा दिली आणि सिनेसंगीत आखडले. श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. सकाळी आठच्या आधी सैगलच्या गाण्याने संपणारा तिथला जुन्या गीतांचा कार्यक्रम अनेक घरांत घड्याळाचे काम करी. या ओढीला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली. १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या, त्या पहिल्या टप्प्यात मुंबई, पुणे आणि नागपूर या तीनच केंद्रांवर. देशात ज्यांच्या कानावर आकाशवाणीची जाहिरात सर्वांत आधी पडली, त्यांत बर्डीवरचे दुकानदार होते. 'वंदनवार'मधली भजने, 'भूले बिसरे गीत', एका विचाराभोवती तीन गाणी गुंफणारी 'त्रिवेणी' अशी सकाळची घडी हळूहळू बसली. आजच्या खासगी एफएमवर पाहुणा, गाणे आणि दोन शहाणपणाचे शब्द असा जो सकाळचा कार्यक्रम असतो, त्याचे घटक इथलेच.

या साऱ्यात गाणे टिकले, कारण त्याची मुद्रिका निघाली. बोलणे गेले. सकाळच्या चिंतनात पाच मिनिटे बोलून गेलेला वक्ता, मुलाखतीला आलेला कलावंत, निवेदकाचे दोन गाण्यांमधले वाक्य यांची मुद्रिका कोण काढणार? ध्वनिफीत महाग होती. निवडक ठेवायचे आणि बाकीची फीत पुसून पुन्हा वापरायची, ही सर्वत्र चाललेली काटकसर होती. बीबीसीनेही आपले कितीतरी कार्यक्रम असेच पुसले. 'इंडियन लिसनर'सारख्या पाक्षिकांतून केंद्रवार वेळापत्रके छापली जात, म्हणून कोणत्या वेळी काय होते ते कळते. काय बोलले गेले, ते कळत नाही.

माझ्या हाती जे थोडे लागले ते घरातच. आईच्या हिशेबाच्या वह्या रद्दीत घालण्याआधी चाळत होतो. पुढे दूध, रॉकेल, शाळेची फी. मागच्या पानांवर तारीख घालून सकाळी ऐकलेल्या चिंतनातली एकेक ओळ. वक्त्याचे नाव क्वचितच. बहुतेक ठिकाणी 'एक डॉक्टर', 'एक हेडमास्तर', 'कीर्तनकार बाई' एवढेच. मी समजत होतो की सकाळचे अध्यात्म म्हणजे बुवा-महाराज. वही सांगत होती की बोलणाऱ्यांत संसारी माणसे बरीच होती. बावीस पानांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, हे मला कळते. पण माझा एक समज तिने मोडला.

शेवटचा काकांकडे गेलो तेव्हा त्यांना गायकांची नावे वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाईचा आवाज होता. हो. माय चूल सोडून दारात येऊन उभी राहे. हे मी विसरलोच होतो जी."

माझ्या वहीत त्यांची दोन्ही विधाने आहेत, आपापल्या तारखांसह. पहिले मी खोडलेले नाही. ते दुकान आता बंद आहे. वाचकांना विनंती इतकीच : घरात जुनी वही असेल, रेडिओवरून भरलेली कॅसेट असेल, तर टाकण्याआधी एकदा उघडून पाहा. जमल्यास, जिने ती लिहिली किंवा ज्याने भरली, ते माणूस आहे तोवर शेजारी बसून तारीख विचारून घ्या.