धनुर्वाताची लस कशी काम करते? शरीरातल्या ‘बी पेशीं’ना निरोप असा पोहोचतो

पायात गंजका खिळा घुसला की माणूस दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतो. या लसीत धनुर्वाताच्या जंतूचं निर्विष केलेलं विष असतं. ते ओळखण्याचं काम रक्तातल्या बी पेशी करतात.

बी पेशी म्हणजे काय?
या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी असून हाडांच्या मगजात तयार होतात. प्रत्येक पेशीच्या अंगावर एकाच आकाराची सुमारे 1 लाख ग्राहके असतात. कुलपाला ठराविकच किल्ली लागावी, तसं प्रत्येक पेशी ठराविकच वस्तू पकडते.

पहिला निरोप
लसीतला कण ग्राहकाला चिकटला की ग्राहके एकत्र गोळा होतात. पण ग्राहकाचं आतलं टोक फार आखूड असतं. निरोप आत नेतात ती त्याला जोडलेली दोन प्रथिने. पुढं सिक, मग बीटीके अशी प्रथिने एकामागून एक जागी होतात. पेशीत कॅल्शियम वाढतं अन् निरोप केंद्रकापर्यंत जातो.

दुसरा निरोप
एवढ्यावर भागत नाही. बी पेशी तो कण गिळते, तुकडे करते अन् अंगावर मांडते. मदतनीस टी पेशीने ते ओळखून होकार दिला तरच काम पुढं सरकतं. मग काही बी पेशी प्रतिपिंडे बनवतात, तर काही आठवण ठेवून वर्षानुवर्षे टिकतात. पुढच्या डोसला याच पेशी लवकर अन् जोरात उठतात.

साखळी तुटली तर?
1952 मध्ये अमेरिकेचे लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांना वारंवार आजारी पडणाऱ्या 8 वर्षांच्या मुलाच्या रक्तात प्रतिपिंडेच सापडली नाहीत. या आजाराचं मूळ बीटीकेच्या जनुकातला दोष आहे, हे 1993 मध्ये उघड झालं. हा आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. बाहेरून प्रतिपिंडे देऊन उपचार करतात.

पालकांनी काय करावं?
सरकारी लसीकरणात बाळाला 6, 10 व 14 आठवड्यांना, मग 16 ते 24 महिने, 5 ते 6 वर्षे, 10 व 16 वर्षांना धनुर्वाताचं संरक्षण असलेली लस मोफत मिळते. मधला डोस राहिला असेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारून घ्यावा. 6 महिन्यांनंतर मुलाला वारंवार न्यूमोनिया होत असेल किंवा कान फुटत असेल, तर डॉक्टरांना सगळं एकत्र सांगावं.