आईवरचा आळ



मूल हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही, बोट करून काही दाखवत नाही, की पहिला बोल कुणाला? आईला. “तुझंच लक्ष नाही.” हा आळ फक्त आपल्याच गावात घेतात असं नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनीही तो घेतला होता.

१९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांबद्दल लिहिलं. या स्थितीला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता म्हणतात. ती जन्मापासूनच असावी, असं त्यांनी म्हटलं. पण या मुलांचे आईबाप मायेला कोरडे वाटतात, असंही लिहिलं. पुढे लोकांनी तेवढंच उचललं. आई फ्रिजसारखी थंड, म्हणून मूल असं, हे शिकलेली माणसंही सांगू लागली.

मग आईबापच उभे राहिले. १९६२ साली लंडनमध्ये पालकांनी संस्था काढली. त्यांत डॉ. लॉर्ना विंग होत्या. त्यांची स्वतःची मुलगी स्वमग्न होती. १९७७ साली इंग्लंडमध्ये जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्यांत दोघंही स्वमग्न असलेल्या जोड्या सापडल्या, बाकीच्या जुळ्यांत एकही नाही. आई तर दोन्हीकडे तीच! म्हणजे कारण मायेत नव्हतं, बाळ जन्मताना जे घेऊन येतं त्यात होतं.

१९७९ साली विंगबाई आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या एका भागातली मुलं नीट पाहून मांडलं, की सगळी अशी मुलं एकलकोंडी नसतात. काही माणसं टाळतात. काही बोलावलं तर येतात, आपणहून येत नाहीत. काही आपणहून येतात, पण आपलंच बोलत राहतात.

म्हणून आजही तपासणीत आईला बारकाईनं विचारतात: मूल बोट दाखवतं का, खोटंखोटं खेळतं का, दुसऱ्या मुलांत कसं वागतं? तेव्हा आपण पाहिलेलं लिहून ठेवा. शंका आली तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला सांगा; ते जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. कानही तपासून घ्या. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, त्यामुळे दाखलाही मिळतो.

घरी मुलासमोर खाली बसा. ते जे खेळतंय तेच खेळा. एकदोन शब्द बोला आणि थांबा, त्याला वेळ द्या. आणि बचत गटात अशी आई असेल, तर तिला बोल लावू नका. तिच्यासोबत तपासणीला जा.