तानाजींची ढाल आणि पडद्यावरची तोफ

मंडळी, 'तान्हाजी' हा २०२० चा चित्रपट. अनसिंगकरांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलाय. टाळ्या आम्हीही वाजवल्या. त्यात कोंढाण्यावरून राजगडाचा वेध घेणारी 'नागीण' तोफ आहे. एवढ्या लांब मारा करणारी तोफ त्या काळी नव्हतीच!

१६९७ ची सभासद बखर काय सांगते? १६७० च्या त्या झुंजीत तानाजींची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली. बखरही सत्तावीस वर्षांनंतरची. तीसुद्धा तपासूनच वाचावी.

कल्पनेला आमचा विरोध नाही. पण हाताची ढाल करणारा माणूस तोफेच्या धुरात दिसेनासा झाला, तर आपण नमस्कार नेमका कुणाला करतो?