दूरचित्रवाणीची वाट आणि गृहस्थाची जबाबदारी

एखादें नवें साधन समाजांत रुळलें, कीं त्याचा इतिहास बहुधा त्याच्या शोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शोध कोणीं लावला, कोणत्या सालीं लावला, पहिला प्रयोग कोठें झाला, एवढें सांगितलें म्हणजे आपलें काम संपलें असें लेखक समजतो. परंतु तें साधन ज्या घरांत शिरलें, त्या घराकडे कोणतें नवें काम आलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. दूरचित्रवाणीविषयीं हा प्रश्न विचारण्याची वेळ आज आली आहे. गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांनीं केबल किंवा छपरावरील तबकडी सोडून इंटरनेटवरून कार्यक्रम पाहण्याचा मार्ग धरला आहे. एका तारेच्या जागीं दुसरी तार आली, एवढाच याचा अर्थ, असा सर्वसाधारण समज आहे. तो समज अपुरा आहे, हें इतिहासाच्या आधारें दाखवावें, असा या लेखाचा हेतु आहे.

दूरचित्रवाणीची पहिली अवस्था पावसासारखी होती. जॉन लोगी बेअर्ड यानें २६ जानेवारी १९२६ रोजीं लंडनमध्यें आपला प्रयोग जाणत्या मंडळींस दाखविला; पुढें २ नोव्हेंबर १९३६ रोजीं बी. बी. सी. नें तेथें नियमित प्रक्षेपण सुरू केलें. आपल्या देशांत १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्ली येथें प्रायोगिक केंद्र निघालें, मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं केंद्र आलें, आणि पुढल्याच वर्षीं सिंहगडावरील मनोऱ्यामुळें पुणेकरांचीहि सोय झाली. या सर्व ठिकाणीं तत्त्व एकच होतें. मनोऱ्यावरून लहरी चोहोंकडे पसरत. ज्याच्या छपरावर पन्हळ असेल त्यानें त्या धरून घ्याव्या. कोणीं किती पाणी धरलें याची पावसास जशी खबर नसते, तशी कोणीं काय पाहिलें याची केंद्रास खबर नसे. दहा घरांनीं पाहिलें काय किंवा दहा लाखांनीं पाहिलें काय, मनोऱ्याचा खर्च तेवढाच.

छपरावरील ती पन्हळ म्हणजे आडव्या दांड्यांची सुपरिचित अँटेना होय. तिची मूळ रचना जपानांतील सेंदाई येथील विद्यापीठांत शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी या दोघां विद्वानांनीं १९२६ च्या सुमारास सिद्ध केली. वाऱ्यानें ती फिरली, किंवा तिच्यावर कावळा बसून ती कलली, कीं घरांतील एकानें गच्चीवर जावें, दुसऱ्यानें खिडकींतून "आतां दिसतें", "आतां गेलें" असें ओरडावें, आणि चित्र स्थिर झालें म्हणजे सर्वांनीं पुनः आपापल्या जागीं येऊन बसावें. गृहस्थाची जबाबदारी एवढीच होती. ती चुकली तर नुकसान त्याचें एकट्याचें होई. शेजाऱ्याच्या चित्रास धक्का लागत नसे.

या साधनास राखणदार लागतो, ही गोष्ट मात्र त्या काळींहि दिसून आली होती. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत अमेरिकेच्या ए. टी. एस.-६ या उपग्रहाच्या साहाय्यानें आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा मोठा प्रयोग झाला. कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीच्या, सुमारें दहा फूट व्यासाच्या तबकड्या त्या खेड्यांत उभारल्या होत्या. प्रयोगाचें नांव घेतांना लोक उपग्रहाची आठवण काढतात. पण ते संच चालू ठेवण्याकरितां ठिकठिकाणीं दुरुस्तीची जी व्यवस्था उभी करावी लागली, तिची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. वास्तविक आकाशांतील यंत्रापेक्षां जमिनीवरील ही निगराणीच प्रत्येक खेड्यांतील चित्र दिसण्या-न दिसण्याचा निकाल लावीत होती. तें काम सरकारनें आपल्याकडे घेतलें होतें, इतकेंच.

दुसरी अवस्था पाटाच्या पाण्याची. १९८० नंतरच्या दशकांत मुंबईच्या उंच इमारतींत एका व्हिडिओ यंत्रापासून अनेक बिऱ्हाडांपर्यंत तारा नेण्याची चाल पडली. १९९१ च्या आरंभीं आखाती युद्धाचीं दृश्यें परदेशी वाहिनीवरून दिसूं लागल्यावर या तारांना एकाएकीं महत्त्व आलें. त्याच वर्षीं स्टार व पुढील वर्षीं झी या वाहिन्या आल्या, आणि गल्लोगल्लीं केबलवाला निर्माण झाला. हा केबलवाला म्हणजे या नव्या पाटाचा पाटकरी होय. पाणी कोणत्या वाफ्यांत सोडावें हें त्याच्या हातीं. तार तुटली तर जोडणारा तोच, आणि महिन्याचे पैसे न्यावयास दारांत येणाराहि तोच. त्याच्या कारभारास कायद्याची चौकट १९९५ मध्यें मिळाली. पुढें २००३ पासून घरोघर लहान तबकड्या बसूं लागल्या आणि ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईंत केबल पाहावयासहि सेट-टॉप बॉक्स अवश्य झाला. तथापि या दोन्ही अवस्थांत पाणी एकाच दिशेनें वाहत होतें. घर घेणारें होतें. देणारा दुसराच कोणी होता, आणि बिघाड झाला तर बोलावण्यास तोच होता.

इंटरनेटचें कूळ याहून अगदीं वेगळें आहे. तें पावसापासूनहि जन्मलें नाहीं व पाटापासूनहि नाहीं. त्याचें नातें टपालाशीं आहे. संदेशाचे लहान लहान तुकडे करावे, प्रत्येकावर पत्ता घालावा, ज्याला जी वाट मोकळी मिळेल तिनें त्यानें जावें, व मुक्कामीं सर्व तुकडे पुनः जुळवावे, ही कल्पना अमेरिकेंत पॉल बॅरन व इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांनीं १९६५ च्या आगेमागें स्वतंत्रपणें मांडली. या पद्धतीवर उभारलेल्या जाळ्यांतून पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं कॅलिफोर्नियांत गेला. एका इंग्रजी शब्दाचीं दोन अक्षरें पोंचलीं आणि पलीकडील यंत्र बंद पडलें! भारतांत सामान्य जनतेस ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजीं खुली झाली. टेलिफोनच्या तारेवरून त्या वेळीं सेकंदास ९६०० अंश येत. आज दोन तासांचा एक चांगल्या प्रतीचा चित्रपट पाहण्यास सेकंदास सुमारें ५० लक्ष अंश लागतात असें धरलें, तर तोच चित्रपट त्या तारेवरून येण्यास अखंड ४३ दिवस लागले असते, असा हिशेब निघतो. काचेच्या तंतूंनीं हें अंतर तोडलें, आणि आपल्याकडे २०१५ नंतर इंटरनेटवरील दूरचित्रवाणी हां हां म्हणतां पसरली.

वाहक बदलला तसा व्यवहाराचा प्रकारहि बदलला. पाऊस न मागतां पडतो. टपालाचें तसें नाहीं. आपण बटण दाबतों तेव्हां आपल्या घरांतून एक विनंती बाहेर जाते, आणि तिचें उत्तर म्हणून चित्राचे कांहीं सेकंदांचे तुकडे एकामागून एक आपल्या पत्त्यावर येतात. १० जुलै २०१९ रोजीं विश्वचषकांतील भारत-न्यूझीलंड सामना हॉटस्टारवरून एकाच वेळीं २ कोटि ५३ लक्ष प्रेक्षक पाहत होते, असें नमूद आहे. मनोऱ्यास ही संख्या कळलीहि नसती. येथें मात्र तितक्या विनंत्यांना तितकीं निरनिराळीं उत्तरें द्यावीं लागलीं. विनंती आली म्हणजे तिची नोंदहि आली. कोणत्या घरीं, किती वाजतां, काय पाहिलें, मध्येंच कोठें सोडलें, हें आतां देणाऱ्यास कळतें. थोडक्यांत, घर हें जाळ्याच्या टोकाशीं बसलेलें प्रेक्षागृह राहिलें नाहीं. तें स्वतः जाळ्यांतील एक ठाणें झालें.

त्या ठाण्याचा दरवाजा म्हणजे भिंतीवर लुकलुकणारी राउटर नांवाची पेटी. तिची उपपत्ति मोठी बोधप्रद आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतींत एकंदर सुमारें ४२९ कोटिच पत्ते होऊं शकत. जगांतील यंत्रांस ते पुरणार नाहींत हें ध्यानांत आल्यावर १९९४ मध्यें एक युक्ति पुढें आली. पुण्यांतील जुन्या वाड्यांचें उदाहरण घेतलें म्हणजे ती चटकन समजेल. वाड्याचा पत्ता एकच, बिऱ्हाडें दहा. टपाल देवडीवर येतें आणि देवडीवरचा माणूस कोणतें पत्र कोणत्या बिऱ्हाडाचें हें पाहून आंत पोंचवितो. राउटर हा असा देवडीवरचा माणूस आहे. घरांतील दूरचित्रवाणी, फोन, संगणक, दारावरील कॅमेरा हीं त्याचीं बिऱ्हाडें. कोणाची विनंती बाहेर गेली हें तो टिपून ठेवतो व आलेलें उत्तर त्याला देतो. घरांतल्या घरांत हा व्यवहार बिनतारी करण्याचें वायफाय नांवाचें तंत्र १९९७ च्या सुमारास प्रमाणित झालें. त्याच्या लहरी जाड दगडी भिंतीपुढें क्षीण होतात. म्हणून ही पेटी लोखंडी कपाटामागें दडवून "चित्र अडकतें" अशी तक्रार करण्यांत अर्थ नसतो.

देवडीवरचा माणूस झोपला, किंवा परक्यास फितूर झाला, तर काय होतें, याचें उत्तर २०१६ सालानें दिलें. त्या वर्षीं 'मिराई' नांवाच्या एका घातक आज्ञावलीनें जगभरांतील लक्षावधि घरगुती कॅमेरे व राउटर आपल्या ताब्यांत घेतले. त्यासाठीं तिला कांहीं अलौकिक विद्या लागली नाहीं. कारखान्यानें घातलेले साठांहून अधिक ठराविक पासवर्ड ती एकामागून एक लावून पाही, आणि मालकानें ते बदललेले नसल्यामुळें दार उघडे. अशा यंत्रांच्या फौजेनें २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं पत्ते सांगणाऱ्या एका मोठ्या अमेरिकन संस्थेवर इतक्या खोट्या विनंत्यांचा मारा केला कीं, ट्विटर, नेटफ्लिक्स इत्यादि स्थळें कित्येक तास लोकांना दुर्लभ झालीं. पुढच्याच महिन्यांत जर्मनींत सुमारें ९ लक्ष ग्राहकांचे राउटर अशाच हल्ल्यानें कोलमडले व त्यांबरोबर फोन आणि दूरचित्रवाणीहि गेली. ज्या गृहस्थांच्या पेट्या फितूर झाल्या होत्या, त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताहि लागला नसेल. अँटेना कलली तर नुकसान एकट्याचें होई, असें वर म्हटलें आहे. येथें एका घराच्या हयगयीचा उपद्रव समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसास झाला. या दोहोंतील फरक हाच प्रस्तुत विषयाचा गाभा होय.

यावर असा आक्षेप येईल कीं, हा दोष कारखानदाराचा. गृहस्थानें तो कां वाहावा? आक्षेप रास्त आहे. कॅलिफोर्नियांत १ जानेवारी २०२० पासून व ब्रिटनमध्यें २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच पासवर्ड घालून यंत्रें विकण्यास कायद्यानें प्रतिबंध झाला, तो याच न्यायानें. परंतु कायदा नव्या यंत्रास लागतो. भिंतीवर आधींच लटकलेल्या जुन्या पेटीस तो हात लावीत नाहीं. पटकीच्या सांथीवर नगरपालिकेनें शुद्ध पाण्याचे नळ आणले, तरी घरांतला माठ घांसण्याचें काम घराकडेच राहिलें. तशांतलाच हा प्रकार आहे.

या कामाचें घरांत वांटप कसें होतें, तेंहि पाहण्यासारखें आहे. गच्चीवरील अँटेना कोणीहि फिरवी आणि केबलवाल्यास हांक आजीहि मारी. राउटरची किल्ली मात्र बहुतेक घरांत एकाच तरुणाच्या डोक्यांत असते. तो नोकरीसाठीं परगांवीं गेला, कीं मागें राहिलेलीं वृद्ध माणसें बंद पडलेल्या पडद्यासमोर निरुपाय होऊन बसतात. विजेचीहि गोष्ट अशीच. जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेंतून केंद्राकडील वीज येत असे, म्हणून घरांत दिवे गेले तरी फोन चालू राही. काचेच्या तंतूंतून प्रकाश येतो, वीज येत नाहीं. घरची वीज गेली कीं पेटी मुकी होते, आणि फोनहि तिच्यावरच असेल तर वैद्यास बोलावण्याचा तो मार्गहि बंद होतो. पूर्वीं जी तरतूद केंद्रावर होत असे, ती आतां घरीं लहानशी बॅटरी ठेवून करावी लागते.

केबलवाल्याच्या मनमानीस कंटाळून लोकांनीं हा मार्ग धरला, यांत गैर कांहीं नाहीं. हवें तें, हवें तेव्हां पाहतां यावें, ही इच्छाहि अगदीं स्वाभाविक आहे. परंतु पाटकरी नको म्हणणाऱ्या शेतकऱ्यास पाटाची देखरेख स्वतः करावी लागते, हा व्यवहार येथेंहि सुटत नाहीं. कारखान्याचा पासवर्ड बदलणें, निर्मात्याकडून येणाऱ्या सुधारणा वेळच्या वेळीं घेणें, ज्यास निर्मात्यानें सोडून दिलें तें यंत्र काढून टाकणें, पाहुण्यांस घरच्या किल्लीऐवजीं निराळी किल्ली देणें, आणि हें सर्व एका वहींत लिहून घरांतील किमान दोघांस शिकवून ठेवणें, एवढाच हा कारभार आहे. दिवाबत्ती आणि दाराची कडी यांपेक्षां तो अवघड नाहीं.

९ फेब्रुवारी १९९५ रोजीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. तो निर्णय प्रक्षेपणाच्या काळांतला, मनोऱ्यांच्या मालकांस उद्देशून होता. आज मनोऱ्याचा एक लहानसा अंश प्रत्येक घराच्या भिंतीवर येऊन बसला आहे. ती पेटी आपली असली तरी तिच्यांतून जाणारा रस्ता सर्वांचा आहे. आणि रस्त्यावर उघडणारें दार ज्याचें, त्यानें तें राखलें पाहिजे, हा आपल्या गांवगाड्याचा जुनाच नियम आहे.