टप्प्याटप्प्याने खानदेश

जळगावहून धुळ्याला रेल्वेने जायचे तर आधी चाळीसगाव गाठावे लागते आणि तिथे गाडी बदलून 56 किलोमीटरच्या फाट्याने पुन्हा उत्तरेकडे वळावे लागते. सगळे मिळून अंतर दीडशे किलोमीटरच्या घरात जाते. एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने तेच अंतर नव्वद-पंचाण्णव आहे. खानदेशात रेल्वे येऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी त्याची दोन मुख्य शहरे रुळांनी सरळ जोडलेली नाहीत. रेल्वेने खानदेश जगाला उघडा केला, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. कापसाच्या गाठींपुरते ते खरे आहे. खांद्याला पिशवी लावून, स्वतःचे वाहन नसताना, एकट्याने एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या माणसाला हा प्रदेश खुला झाला तो मात्र टप्पा वाहतुकीमुळे, म्हणजे व्यवहारात एस.टी.मुळे.

त्याआधी प्रवास नव्हता असे नाही. सतराव्या शतकात सुरत-बुऱ्हाणपूर हा हिंदुस्थानातला एक गजबजलेला व्यापारी मार्ग होता आणि तो तापीच्या खोऱ्यातून जाई. फ्रेंच जवाहिरा तावेर्निये याने आपल्या वाटेवरचे मुक्काम नोंदवले आहेत: नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर. त्या यादीत धुळेही नाही आणि जळगावही नाही. हाच तावेर्निये सांगतो की इथे इभ्रतीने प्रवास करायचा तर वीस-तीस हत्यारबंद माणसे बरोबर ठेवावीत. 1630 च्या दुष्काळात याच वाटेने गेलेल्या इंग्रज प्रवासी पीटर मंडीने रस्त्याकडेची प्रेते पाहिली. यावर कोणी म्हणेल, गोसावी, फकीर, वारकरी तर बिनपैशाचे हिंडतच होते. हिंडत होते, पण बहुधा जथ्याने. मुक्ताईची पालखी आजही मुक्ताईनगरहून पंढरपूरला पोहोचायला महिनाभर घेते, आणि ती ठरलेल्या मुक्कामांवर, गावोगावच्या पंगतींच्या भरवशावर चालते. एकट्याच्या प्रवासाची सोय त्यातून होत नाही. 1825 मध्ये इंग्रज अधिकारी औट्रमला धरणगावी भिल्ल पलटण उभारावी लागली, यावरून त्या काळच्या वाटा किती निर्धोक होत्या ते कळते.

मग रेल्वे आली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच वर्षांत मुंबईचे रूळ तापीच्या खोऱ्यात पोहोचले. 1865 मध्ये थळ घाट खुला झाला, 1867 मध्ये गाडी नागपूरला गेली. एरवी साधेच गाव असलेले जळगाव कापसाची पेठ झाले, भुसावळ तर रेल्वेनेच वसवले म्हणावे इतके वाढले. शतक उलटता उलटता सुरतेहून तापी व्हॅली रेल्वे अमळनेरला आली आणि चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. नंतर पाचोरा-जामनेर ही छोटी गाडीही आली. नकाशा पाहिला की या सगळ्या वाटांचा ओढा मुंबईच्या किंवा सुरतेच्या बंदराकडे आहे हे लक्षात येते. धुळे 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचे ठाणे केले, 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झाले, पण दोन मुख्यालये जोडण्याची निकड कोणाला वाटली नाही. तिसऱ्या वर्गाचे तिकीट स्वस्त होते, हा आक्षेप रास्त आहे. पण ते स्टेशनपर्यंतच. चोपडा, यावल, पारोळा, शिरपूर, साक्री या तालुक्याच्या गावांना रूळ नव्हते. तिथे बैलगाडी, नाहीतर पाय.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात खासगी सर्व्हिस मोटारी धावू लागल्या. त्या भरल्याशिवाय सुटत नसत आणि जिथे गिऱ्हाईक तिथेच जात. रेल्वेला त्यांचा इतका जाच झाला की 1933 मध्ये रेल्वे-मोटार स्पर्धेवर मिचेल-कर्कनेस समितीचा अहवाल आला. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांना शिस्त लागली आणि 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्याची पहिली बस सुटली. बस सरकारी झाली यापेक्षा मला तिची भाड्याची रीत महत्त्वाची वाटते. एस.टी.चे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजले जाते. धुळ्याहून निघालेल्या गाडीत पारोळ्याच्या अलीकडच्या फाट्यावर कोणी चढला, तर त्याला त्याच्या टप्प्यांचे तिकीट मिळते, गाडी रिकामी असो की खचाखच. कंत्राटी परवान्यावर चालणाऱ्या ट्रॅव्हल्सला हे बंधन नाही. दुसरी गोष्ट मुक्कामी गाडीची: संध्याकाळी शेवटच्या गावात जाऊन थांबायचे, चालक-वाहकांनी तिथेच झोपायचे आणि पहाटे पहिली फेरी घेऊन तालुक्याला निघायचे. नफ्याचा हिशेब करणारा कोणी हे करणार नाही.

पाठीवर बोजा टाकून फिरणे ही परदेशी पर्यटकांची टूम, तिचा एस.टी.शी काय संबंध, असे वाटू शकते. अजिंठ्याकडे पाहावे. लेणी आहेत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पण जवळचे मोठे स्टेशन जळगाव, साठेक किलोमीटरवर. 1819 मध्ये इंग्रजांच्या नजरेस पडल्यापासून तिथे जाणे हा मोठ्या लवाजम्याचा मामला होता. चित्रांच्या नकला करण्यात वर्षे घालवलेला रॉबर्ट गिल 1879 मध्ये भुसावळच्या वाटेवर वारला आणि तिथेच पुरला गेला. आज एखादा पाहुणा सकाळी जळगावला उतरतो, संभाजीनगरची साधी गाडी धरतो, फर्दापूरच्या फाट्यावर उतरून एस.टी.च्याच दुसऱ्या बसने लेण्यांपाशी जातो आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने पुढे निघतो. त्याच्यासाठी वेगळी गाडी सोडावी लागत नाही. शेजारी कॉलेजला जाणारी मुलगी बसलेली असते. 1988 पासून महामंडळ ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास देते, तोही आधी गावोगावचे जाळे असल्यामुळेच शक्य झाला.

गाड्या खिळखिळ्या आहेत, वेळ पाळत नाहीत, लोक काळी-पिवळीकडे आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सकडे वळले, ही तक्रार खोटी नाही. पण नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022 या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपाच्या काळात या तक्रारीची परीक्षा झाली. रेल्वे चालू होती, ट्रॅव्हल्स चालू होत्या, शहरातून शहरात जाणाऱ्यांचे भागले. अडले ते खेड्यांतले विद्यार्थी, दवाखान्याला निघालेले म्हातारे, बाजाराला जाणाऱ्या बाया. आता मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या लोहमार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली आहे. धुळ्याला त्याचा मोठा लाभ होईल आणि त्याचे स्वागतच आहे. मात्र चौपदरी महामार्ग आणि नवे रूळ दाखवून विनाथांबा गाड्या वाढवायच्या आणि साध्या, मुक्कामी फेऱ्या तोट्याच्या म्हणून छाटायच्या, हा हिशेब महामंडळाने करू नये. छाटणी करावीच लागली, तर ती या फेऱ्यांवर सर्वांत शेवटी यावी.